लुगडं नेसून पवायचं

अक्का,

तुला मातीत बसवून आज अकरा दिवस झाले. आपल्यात जाळत नाहीत, बसवतात. मांडी घालून, कपाळभर विभूती लावून, तळहातावर लिंग ठेवून तुला खड्ड्यात उतरवलं, तेव्हा स्वामी दोनदा म्हणाले, "मान जरा खाली घ्या." आप्पांनी हात लावला, चुलत्यांनी लावला. मान खाली येईना. शेवटी तशीच ठेवली आणि माती लोटली.

बायका तुझी माया आठवून रडत होत्या. मला तुझं मारणं आठवत होतं. खोटं कशाला सांगू? माझ्या डाव्या भुवईत विहिरीच्या पायरीची खूण आहे, ती तुझ्यामुळं. आणि तुला शेवटची आंघोळ घालताना तुझ्या उजव्या मनगटावर दातांचे वण दिसले, ते माझे. पाणी ओतणाऱ्या काकीनं विचारलं, "हे काय गं, कुत्रं चावलंतं काय हिला?" मी व्हय म्हटलं.

हे सगळं हौसाकाकीपासून सुरू झालं. नव्वद सालचा उन्हाळा. मी सहावीत, तू सतरा वर्षांची. आपल्या गल्लीतल्या हौसाकाकीला गावविहिरीतून काढून काठावर ठेवलं होतं. तिचा नवरा डोक्याला हात लावून बसला होता आणि येईल त्याला सांगत होता, "पाय घसरला ओ, पाय घसरला." सगळे मान हलवत होते. तू तिच्या अंगावरची चादर नीट करायला म्हणून वाकलीस आणि तशीच थांबलीस. मग भर माणसांत मोठ्यानं म्हणालीस, "पाय घसरला तर गळ्यावर बोटं कुणाची हैत?"

आप्पांनी तुझ्या कानाखाली अशी वाजवली की तू हौसाकाकीच्या शेजारीच पडलीस. दंडाला धरून त्यांनी तुला घरापर्यंत फरफटत आणलं. घरी आल्यावर आव्वानं दार लावलं आणि आई असून तिनंही मारलं. "दुसऱ्याच्या घरातलं आपण बोलायचं असतंय काय?" तू रडली नाहीस. फुटलेला ओठ चोखत चुलीजवळ बसलीस आणि माझ्याकडं बघून म्हणालीस, "सुजे, तुला पवायला शिकिवतो."

"तुला तरी कुठं येतंय?"

"आधी मी शिकतो. मग तुला."

आपल्याकडच्या बायका येतो-जातोच म्हणतात. मी बालवाडीत शिकवायला लागले आणि येते-जाते बोलायला शिकले. तू शेवटपर्यंत येतो-जातोच म्हणत राहिलीस.

तू कशी शिकलीस ते पहिल्यापासून फक्त मी पाहिलंय. दुपारी बापई माणसं जेवून आडवी झाली की आपण मळ्यातल्या विहिरीवर जायचो. तेलाचा रिकामा डबा तू पाठीला बांधायचीस. कमरेच्या कासऱ्याचं दुसरं टोक मोटारीच्या खोलीच्या खांबाला अडकवायचीस आणि मला काठावर बसवायचीस. "मी बुडाय लागलो तर वडायचं, कळलं?" मी तुला काय ओढणार होते? नाकातोंडात पाणी जायचं, पायरीवर बसून ओकायचीस, गुडघे फोडून घ्यायचीस आणि परत उतरायचीस. गावातली पोरं काठावर येऊन शिट्ट्या मारायला लागली तेव्हा तू धोंडा भिरकावून एकाचं डोकं फोडलंस. त्या रात्री आप्पांनी तुला पट्ट्यानं मारलं. दुसऱ्या दुपारी तू पुन्हा पाण्यात होतीस. पाठीवरचे वळ डब्याच्या पत्र्याला घासत होते आणि तू दात-ओठ खाऊन हात मारत होतीस. वीस दिवसांत तू डबा सोडलास.

मग माझी पाळी आली. तू मला समजावलं नाहीस, आधी उथळ पाण्यात खेळवलं नाहीस. मागून कमरेत लाथ घातलीस. पडता पडता भुवई पायरीवर आपटली. मी पाण्यात गेले ती रक्तासकट. वर आले तेव्हा तुझा हात माझ्या केसांत होता. श्वास घेतला न घेतला तोच तू हात सोडलास.

"हात मार! पाय मार! माझ्याकडं बघू नगंस, पाण्याकडं बघ!"

आठ दिवस मी रोज थोडी मरत होते. रोज जेवताना मनात म्हणायचे, ही उद्या बुडू दे. नवव्या दिवशी मी या कडेपासून त्या कडेपर्यंत एकटी गेले आणि वाटलं, सुटलो. दहाव्या दिवशी तू आव्वाचं जुनं लुगडं घेऊन आलीस आणि माझ्या परकरावरून ते मला नेसवलंस.

"आता मार उडी."

"लुगडं नेसून कोण पवतंय?"

"मग तुला काय चड्डीवर ढकलणार हैत व्हय कोण?"

मला ते तेव्हा अर्धंच कळलं. उडी मारली. पाणी प्यालेलं लुगडं पायांना कसं आवळतं ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत आहे. कुणीतरी दोन्ही पाय बांधून खाली ओढतंय असं वाटतं. तू शेजारी पोहत ओरडत होतीस, "आधी पदर सोड. मग निऱ्या उपस. मग पाय मार. उलटं केलंस तर गेलीस!" आठवडाभर तेच. पदर, निऱ्या, पाय. आणि एक दिवस तू म्हणालीस, "आता शेवटचं. वरनं कुणी दाबलं तर वर यायची धडपड करायची न्हाय. खाली जायचं. खाली गेलं की दाबणाऱ्याचा हात सुटतोय."

आणि तू दोन्ही हातांनी माझं डोकं पाण्यात दाबलंस.

मी सगळं विसरले. वरच यायला धडपडत राहिले. छातीत आग झाली, डोळ्यांपुढं पिवळं झालं, तरी तू सोडेनास. तेव्हा तुझं मनगट माझ्या तोंडापाशी आलं आणि मी चावले. हाडापर्यंत चावले. तू किंकाळी फोडलीस, मी खाली गेले आणि लांब जाऊन वर आले. तोंडात तुझं रक्त होतं. तू एका हातानं पाणी मारत पायरी गाठलीस, लुगड्याची चिंधी फाडून मनगटाला गुंडाळलीस आणि हसायला लागलीस. "आता आलं तुला."

मग मला मांडीवर घेऊन तू माझे केस पिळलेस. मी थरथरत होते. पण तुझी मांडीही थरथरत होती, अक्का. ते मी कधी कुणाला सांगितलं नाही.

तीन वर्षांनी तुझं लग्न झालं. गाव कर्नाटकच्या शिवेला, अर्धं बोलणं कानडी. सासूला तिथं अत्ती म्हणतात. दाजी दिसायला देखणे, बोलायला मऊ. माझ्यासाठी खिशात लिमलेटच्या गोळ्या आणायचे, अभ्यास विचारायचे. मला ते आवडायचे. हे तुला कधी म्हटलं नाही, पण तुला माहीत असणार. तू सणाला यायचीस ती भर उन्हाळ्यात कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून. मला ते दिसायचं. मी विचारलं नाही. आव्वालाही दिसायचं. तीही फक्त एवढंच विचारायची, "काय गोड बातमी?"

चार वर्षं झाली, गोड बातमी नव्हती. बारावीची परीक्षा संपवून मी आठ दिवस तुझ्याकडं आले होते. त्या सकाळी आपण दोघी घरातल्या वाकळा-गोधड्या धुवायला त्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर गेलो. चौफेर ऊस. तू दांडक्यानं वाकळ बडवत होतीस, मी धुतलेली पिळत होते. दाजी उसातून आले.

"काल सांगितल्यालं कळलं न्हाय काय तुला?" आवाज नेहमीसारखाच मऊ. "दुसरी करून आणतोय. तू कागदावर सही दे. इथंच ऱ्हा, काम कर, खा. तुला कोण हाकललंय?"

"ह्या जन्मात न्हाय," तू म्हणालीस आणि वाकळ बडवत राहिलीस.

ते माझ्याकडं बघून हसले. "सुजाता, घरात जा जरा. अत्तीला म्हणावं, च्या ठेव."

मी निघाले. मोटारीच्या खोलीपर्यंत गेले आणि वळून बघितलं. त्यांनी दोन्ही हात तुझ्या छातीवर ठेवून तुला ढकललं. तू पाठीवर पाण्यात गेलीस. शेवाळ काढायचा लांब वेळू तिथं पडला होता, तो त्यांनी उचलला. तुझं डोकं वर आलं. त्यांनी मारलं. पुन्हा वर आलं, पुन्हा मारलं. मग वेळूचं टोक तुझ्या खांद्यावर रोवून, अंगाचा सगळा भार देऊन, खड्डा खणावा तसे ते तुला खाली दाबत राहिले. तोंडावर राग नव्हता. दिवसाचं एक काम उरकावं तसा चेहरा होता.

मला पोहता येत होतं. मला ओरडता येत होतं. शंभर पावलांवर रस्ता होता, रस्त्याला माणसं होती. मी पिळायची ओली वाकळ हातात घेऊन तशीच चालत आले होते. ती दोन्ही मुठींत आवळून मी उभी राहिले. बस्स, एवढंच केलं मी.

पाणी थांबलं. तुझं लुगडं वर आलं, रिकामं, वाऱ्यानं फुगल्यासारखं. त्यांनी वेळू टाकला आणि धोतराला हात पुसले. त्यांना वाटलं तू गेलीस. मलाही वाटलं.

तू पलीकडच्या कपारीखालून पायऱ्यांवर आलीस. परकर-पोलक्यावर, डोकं फुटलेलं, एक डोळा रक्तानं मिटलेला. वाकळ बडवायचा दांडका तिथंच होता. पहिला घाव तू त्यांच्या गुडघ्यात मागून घातलास. हाडाचा आवाज मला खोलीपाशी ऐकू आला. ते पडले. दुसरा घाव खांद्यावर. तिसरा त्याच खांद्यावर. ते तुझं नाव घेत, "इमल, इमल" म्हणत हात आडवा धरत होते, तू हातावर मारलंस. तुझ्या तोंडातून शब्द नव्हता. नुसता श्वास होता, बैल ओढतो तसा. मग तू दांडका हातात ठेवूनच त्यांना पायानं लोटलंस.

त्या माणसाला पोहता येत नव्हतं. एकदा वर आले, दोनदा आले. तू काठावर उभी राहून बघत होतीस. तिसऱ्यांदा फक्त हात वर आला.

आणि तेव्हा मी ओरडले. "अक्का, काढ त्याला! अक्का! काढ!"

तू माझ्याकडं बघितलंस. त्या बघण्यावर मी तेरा वर्षं काढली आहेत. मग दांडका टाकून तू उडी मारलीस, त्यांना केसांना धरून पायरीवर आणलंस आणि पालथं घालून पाठीवर पाय दिलास. पाणी ओकून ते कण्हायला लागले तेव्हा तू पाय काढलास आणि मला म्हणालीस, "चल. एस्टी चुकंल."

ओली वाकळ अंगाभोवती गुंडाळून तू एस्टीत बसलीस. कंडक्टरनं तिकीट फाडायचं सोडून विचारलं, "काय झालं ओ बाई?" तू म्हणालीस, "विहिरीत पवाय गेलतो."

पुढचं सगळं नेहमीसारखंच झालं. दोन्हीकडची वडीलधारी बसली. त्यांच्या बाजूनं सांगण्यात आलं की विमलचा पाय घसरला, जावई वाचवायला गेले, दोघंही पडली. आपल्या बाजूनं कुणी नाही म्हटलं नाही. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. मला कुणी विचारलं नाही आणि मीही बाहेर आले नाही. आप्पा म्हणाले, "झालं गेलं. पोरीनं नांदायला जावं." तेव्हा तू आतून आलीस. डोक्याला पट्टी होती. सगळ्यांच्या मधोमध उभी राहिलीस.

"पाठवायचं असंल तर पाठवा. परत ढकलतील, मी परत वर येतो. पण पुढच्या येळंला त्याला काढणार न्हाय."

काडीमोड झाला. वर्षाच्या आत त्यांनी दुसरी केली. पाय कायमचा लंगडा राहिला, एक खांदा खाली आला.

तू दोन म्हशी घेतल्यास, डेअरीला दूध घालायला लागलीस आणि उन्हाळ्यात गावातल्या पोरींना आपल्या विहिरीत पोहायला शिकवायला लागलीस. तीच लाथ, तेच केस धरणं, तेच लुगडं. आया भांडायला यायच्या, "पोरीच्या पाठीवर वळ उठलेत की गं!" तू धार काढत सांगायचीस, "वळ जात्यात." आया शिव्या देत जायच्या आणि दुसऱ्या वर्षी धाकटीलाही पाठवायच्या.

माझं लग्न उचगावात झालं. नवरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, तीन पाळ्यांत काम. साधा माणूस. दर भेटीला तू मला कोपऱ्यात घेऊन विचारायचीस, "हात उचलतोय काय?" मी नाही म्हणायचे. तुझा विश्वास बसायचा नाही. तू माझ्या दंडांकडं बघायचीस. मला राग यायचा. आज सांगते, मला लाजही वाटायची. बहिणीच्या वाट्याचं सगळं तिनंच भोगलं आणि मी मात्र बरी सुटले, याची.

आणि मग ऋतुजाचं झालं. दोन वर्षांपूर्वी, ती आठ वर्षांची असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला स्वतःच तुझ्याकडं पाठवलं. चौथ्या दिवशी भेटायला आले तर घरी कुणी नव्हतं. विहिरीवर आले. पायऱ्यांवर सात-आठ पोरी बसल्या होत्या, आणि पाण्यात तू माझ्या लेकीचं डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं होतंस. तिचे हात पाण्यावर आपटत होते.

मी पायऱ्या कशा उतरले आठवत नाही. साडीसकट पाण्यात शिरले, तिला ओढून घेतलं आणि तुझ्या तोंडात मारली. सगळ्या पोरींसमोर. जन्मात पहिल्यांदा.

"माझ्या पोरीला हात लावायचा नाही!"

"हात लावल्याबिगार शिकत न्हाय कोण."

"मी पोरांना शिकवते, अक्का. रोज चाळीस पोरं असतात माझ्यापुढं. एकावर हात उचलत नाही. शिकतात ती. हिला मी कोल्हापुरात टँकवर घालीन."

"टँकात कोण ढकलत न्हाय, सुजे."

"सगळ्यांच्या वाट्याला तुझा नवरा येत नाही!"

ते तोंडातून गेलं. पोरी ऐकत होत्या. तुझ्या गालावर माझी बोटं उमटली होती. तू मला मारशील असं वाटलं. मारलं असतंस तर बरं झालं असतं. तू पायरीवरचा टॉवेल उचललास आणि शांतपणे म्हणालीस, "त्याच्यासाठी वरडलीस तू. माझ्यासाठी न्हाय." आणि वर निघून गेलीस.

दीड वर्ष आपण बोललो नाही. ऋतुजा टँकवर शिकली. टोपी घालून, चष्मा लावून, कडेचा दांडा धरून. तिचे सर तिला ओरडतसुद्धा नाहीत. छान पोहते, माशासारखी. साडी नेसून तिला पोहता यायचं नाही, आणि यायची गरज पडू नये असं मला वाटतं. तू म्हणशील, वाटून काय होतंय? हा वाद मी अजून घालतेय, अक्का. रस्त्यानं चालता चालता घालते. जिंकत नाही.

कावीळ झाल्याचा फोन आला तेव्हा तुला कोल्हापुरात दवाखान्यात आणलं होतं. हळदीसारखी पिवळी झाली होतीस. मी उशाशी बसले. तू डोळे उघडून म्हणालीस, "आलीस व्हय." मी म्हटलं, "आले." मग दोन दिवस आपण म्हशीचं बोललो. गाभण हाय, पेंड कमी घालू नका म्हणावं. नवीन गवळ्याला शिंगं मारती, जपून ऱ्हा म्हणावं. मी हं हं करत राहिले. दुसरं काही बोलायचं आहे हे दोघींनाही माहीत होतं. उद्या बोलू, असं मला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी तुझं भान गेलं. सलाइनची सुई तू उपटून टाकलीस, चादरीवर रक्त उडालं. सिस्टर ओरडल्या, "धरा त्यांना, धरा!" मी पलंगावर चढले आणि तुझी दोन्ही मनगटं धरून गादीवर दाबली. तू लाथा मारल्यास, माझ्या तोंडावर थुंकलीस, डोकं आपटलंस. "सोड! सोड मला!" दहा दिवस न जेवलेल्या बाईत एवढं बळ कुठून आलं? मी सोडलं नाही. सगळा भार टाकून दाबून धरलं. औषध अंगात गेलं, हळूहळू तुझे हात सैल पडले आणि मला वाटलं, झोप लागली. तू पुन्हा उठली नाहीस. तुझ्या मनगटांवर माझ्या बोटांचे वळ राहिले ते शेवटपर्यंत.

पाचव्या दिवशी घर भेटायला आलेल्या बायकांनी भरलं होतं. एक बाई दहा वर्षांच्या पोरीला घेऊन आली आणि दाराशीच बसली. कुणी ओळखेना. तिनंच सांगितलं, "मी लता. त्यांची दुसरी."

आव्वानं पदर तोंडावर घेतला. मी विचारलं, "तुम्ही अक्काला ओळखत होता?"

"लग्नानंतर सा वर्सांनी आलतो मी हिकडं. डोळा असा सुजल्याला." तिनं हातानं दाखवलं. "म्हटलं, तुमी त्यांचा पाय मोडला म्हणत्यात. कसा मोडला, मला सांगा."

"मग?"

"म्हणाल्या, आधी पवायला शीक."

एक बाई फस्सकन हसली आणि लगेच तोंड दाबून घेतलं.

"माहेराला जातो म्हणून सांगायचो आणि हिकडं यायचो. शिकिवताना लय मारलं मला त्यांनी. माझ्या आईनंबी तेवढं मारलं नसंल. मग हिला आणली." तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "मालकांनी त्याच्यानंतर एकदाच हात उचलला माझ्यावर. आता न्हाय उचलत." पुढं काय झालं ते कुणी विचारलं नाही. मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तुमी सुजाता न्हवं? त्या दिवशी तिथं हुतासा."

बाहेर कट्ट्यावरून आप्पांचा आवाज आला, "सुजे, पावण्यास्नी च्या कर."

मी उठले नाही. मी सांगितलं. अक्का, पहिल्यांदा सांगितलं, बाहेर बसलेल्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. ढकललं ते, वेळू, दोनदा डोक्यात, मग खांद्यावर रोवून. आप्पा दारात आले, "बास म्हणतोय न्हवं!" म्हणून हात उचलला. मी म्हटलं, "मारा. पण ऐकून मारा." आणि सांगत राहिले. मी वाकळ धरून उभी होते तेही सांगितलं. "ती बुडत होती तेव्हा माझ्या तोंडातून आवाज आला नाही. तो बुडायला लागला तेव्हा आला. मी त्याच्यासाठी ओरडले."

आप्पांचा हात खाली आला. ते दारातच खाली बसले.

लता म्हणाली, "ते मला म्हाईत हाय. त्यांनीच सांगितल्यालं. म्हणायच्या, भन वरडली म्हणून बरं झालं. न्हाय तर त्या दिवशी मी मानूस मारला हुता. जलमभर जेलात बसलो असतो. तिच्या वरडण्यानं वाचलो म्हणायच्या."

"कधी म्हणाली ती असं?"

"लय डाव. पोरींना बी सांगायच्या की, पायरीवर बसून."

आता ऋतुजा शाळेत गेली आहे, नवरा पाळीवर. घरात कुणी नाही, म्हणून हे लिहिता येतंय. मी तुझ्यावर चिडले आहे, अक्का. तू माझ्या तोंडावर एक बोललीस आणि माझ्या पाठीमागं दुसरं. दोन्ही खरं असेल. पण दुसरं तू त्याच्या बायकोला सांगितलंस, गावच्या पोरींना सांगितलंस, आणि मी तुझ्या उशाशी दोन दिवस बसले तर मला म्हशीच्या पेंडीचं सांगितलंस. मीही तेच ऐकत बसले, ते मला कबूल आहे. पण लाथ घालताना तू थांबली नाहीस. केस धरून बुडवताना थांबली नाहीस. मारायला तुझा हात कधी अडला नाही. मग एवढं एक वाक्य बोलायला तुझी जीभ का अडली गं?